बिघडलेल्या थ्रस्टरवर यान कसं चालवतात

हर्णै किंवा मिरकरवाड्याला ट्रॉलरचं इंजिन ताकद देईनासं झालं की मेकॅनिकचा हात आधी डिझेल फिल्टरकडे जातो. फिल्टर उघडायचा, गाळ बघायचा, लाइनमध्ये पकडलेली एअर काढायची आणि परत स्टार्टर मारायचा. भर समुद्रातही हे जमतं. नाहीच जमलं तर दुसरी बोट दोर टाकून ओढून आणते, आणि पावसाळी बंदीत इंजिन सबंध खोलून बसता येतं. अंतराळयानाच्या इंजिनाला यातली एकही सोय नाही. एकदा रॉकेटवरून सुटलं की त्याला सहसा पुन्हा कुणाचा हात लागत नाही. खालून पाठवता येतात त्या फक्त आज्ञा: ही झडप उघड, तो हीटर लाव, इतके सेकंद थांब, मग बंद कर.

एवढ्या भांडवलावर अडकलेली मोहीम पुढे नेता येते का? अनेकदा येते. बातम्यांत अशा वेळी ‘जुगाड’ हा शब्द हमखास दिसतो. पण ज्या मोहिमा वाचल्या त्यांची पाइपजोडणी आणि वायरिंग पाहिलं, तर तो जुगाड करण्यापुरती जागा उड्डाणाच्या कितीतरी आधी ठेवलेली दिसते. जिथे ती नव्हती, तिथे हुशार माणसांचेही हात बांधले गेले.

हा विषय किनाऱ्यापासून वाटतो तितका दूर नाही. मच्छीमार बोटींवर १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या केंद्राच्या योजनेचं उद्घाटन ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये झालं. बोटीची जागा आणि वादळाचा इशारा ही देवाणघेवाण उपग्रहांमार्फत होते. जागा दाखवणारी आपली स्वतःची व्यवस्था नाविक. तिच्यासाठी २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून एनव्हीएस-०२ हा उपग्रह सुटला. रॉकेटने काम चोख केलं, उपग्रहाची सौरपानंही उघडली. पण कक्षा उंचावण्यासाठी इंजिनात ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारं द्रव्य) सोडणाऱ्या झडपा उघडल्याच नाहीत. बाकी उपग्रह धडधाकट असून तो नेमलेल्या जागी जाऊ शकला नाही, लांबुळक्या कक्षेतच राहिला.

यंत्रणा कशी असते

छोट्या यानातली सगळ्यात रुळलेली पद्धत एकाच द्रवाची. टाकीतलं इंधन फिल्टरमधून मुख्य झडपेकडे जातं. ही झडप एकदा उघडली की वीज न देताही उघडीच राहते, बंद करायला वेगळी आज्ञा लागते. पुढे फाटे फुटतात आणि प्रत्येक थ्रस्टरच्या, म्हणजे यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाच्या, तोंडाशी त्याची स्वतःची झडप असते. आत उत्प्रेरकाचा गरम थर असतो. हायड्रॅझिन हे इंधन त्यावर पडलं की फुटून तापलेला वायू होतो आणि नॉझलमधून बाहेर पडतो. जाळायला ऑक्सिजन लागत नाही. मात्र उत्प्रेरक आधी तापवावा लागतो आणि टाकी, पाइप, झडपा सगळ्यांवर हीटर गुंडाळावे लागतात, कारण हायड्रॅझिन साधारण २ अंश सेल्सियसला गोठतं.

आता आकाराचा अंदाज घेऊ. १४ किलोच्या यानावर १०० मिलिन्यूटनचा थ्रस्टर म्हणजे तळहातावर ठेवलेलं दहा ग्रॅमचं वजन जेवढा दाब देईल तेवढाच जोर. असे चार एकदम चालवले तर मिनिटाभरात वेगात जेमतेम सेकंदाला १.७ मीटरची भर पडते. अशा एका थ्रस्टरला सेकंदाला ग्रॅमचा विसावा भाग इंधन पुरतं. इतका बारीक प्रवाह म्हणजे वाटाही तितक्याच बारीक. मोठ्या उपग्रहात जो कण कुणाच्या लक्षातही येणार नाही, तो इथे थ्रस्टर निकामी करतो. छोट्या यानांची बरीच दुखणी या बारीकपणातून येतात, बाकीची बरीच पैशांतून: जोडीला दुसरी झडप बसवायला ना जागा असते ना बजेट.

जोर कमी पडतोय हे खाली कसं कळतं?

तीन खुणा असतात आणि तिन्ही एकत्र वाचाव्या लागतात.

पहिली रेडिओची. यानाचा वेग बदलला की त्याच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकते. ८.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलवर सेकंदाला १ मीटरचा फरक म्हणजे २८ हर्ट्झ, आणि हर्ट्झचे शंभरावे भागसुद्धा मोजता येतात. त्यामुळे सेकंदाला एखाद्या मिलिमीटरचा फरकही लपत नाही. इंजिन चालू असताना ही रेषा अपेक्षेपेक्षा कमी चढली, तर एकूण जोर कमी आहे हे नक्की. कुठला थ्रस्टर दोषी आहे ते मात्र यातून कळत नाही.

ते कळतं दुसऱ्या खुणेतून, म्हणजे रिॲक्शन व्हीलच्या फेऱ्यांवरून. यानात छोटी जड चाकं असतात. ती एका दिशेने फिरवली की यान उलट दिशेने वळतं. चारांतला एक थ्रस्टर ढिला पडला की यान त्याच्या बाजूला कलू लागतं आणि ते सावरताना चाकांचा वेग वाढत जातो. कुठलं चाक किती भरभर वाढलं यावरून कमजोर कोपरा आणि त्याची कमजोरी दोन्ही काढता येतात.

तिसरी खूण दाब आणि तापमानाची. इथेच खरं निदान होतं. वरच्या बाजूचा दाब व्यवस्थित, पण थ्रस्टर नेहमीइतका तापत नाही आणि जोर सतत एकसारखा कमी असेल, तर वाट तुंबल्याचा संशय. जोर खालीवर उसळत असेल तर पाइपात बुडबुडा. सुरुवातीला कमी आणि हळूहळू वाढत जाणारा जोर असेल तर उत्प्रेरक थंड होता. इंजिन बंद करूनही यान वळतंच राहिलं, तर झडप पूर्ण मिटलेली नाही.

बिघाड दिसल्यावर पहिला मोह होतो तो लगेच पुन्हा चालवून बघण्याचा. तो आवरावा लागतो. आधी आपोआप चालणारे सगळे बर्न (इंजिन ठरावीक वेळ चालवण्याच्या खेपा) रद्द करायचे, मुख्य झडप बंद करायची, सौरपानं सूर्याकडे आणि बॅटरी भरलेली याची खात्री करायची, टाकीचं तापमान सांभाळायचं. मग जमिनीवर ठेवलेल्या जुळ्या संचावर तीच आज्ञामालिका चालवून बघायची. त्यानंतर वर छोटी चाचणी, एका वेळी एकच थ्रस्टर, आणि दोन चाचण्यांत एकच गोष्ट बदलायची. दहा सेकंदांच्या चाचणीला अर्धा ग्रॅम इंधन लागतं, म्हणजे इंधनाची चिंता तिथे नसते. महाग पडतो तो वेळ. ठरलेल्या दिवशी ठरलेला धक्का मिळाला नाही तर यान चुकीच्या वाटेने पुढे जात राहतं, आणि तीच चूक आठवड्याने दुरुस्त करायला बहुधा कितीतरी जास्त वेगबदल लागतो.

प्रत्येक चाचणीत थांबण्याच्या अटी आधीच भरून पाठवतात: चाकांचा वेग इतक्याच्या वर गेला, यान इतके अंश कललं, तापमान इतकं चढलं, की खालच्या आज्ञेची वाट न पाहता झडप मिटव. चंद्राजवळच्या यानापर्यंत सिग्नल जायला-यायला अडीचएक सेकंद लागतात, पण अँटेना सतत तुमच्याकडे नसतो. लाखो किलोमीटरवरून हँडल मारण्याची कल्पना म्हणूनच सोडून द्यावी लागते.

न मिटणारी झडप: कॅपस्टोन

कॅपस्टोन हे सुमारे २५ किलोचं यान २८ जून २०२२ रोजी न्यूझीलंडमधून सुटलं. चंद्राभोवतीच्या एका लांबट, विलक्षण कक्षेत पोचणारं ते पहिलं यान ठरणार होतं. ८ सप्टेंबरला मार्गदुरुस्तीचा बर्न चालू असताना ते गरगरू लागलं आणि वेग चाकांच्या आवाक्याबाहेर गेला. अँटेनाचा रोख सुटला, सौरपानांवर ऊन अर्धवट पडू लागलं, वीज कमी म्हणून हीटर अपुरे, आणि इंधनयंत्रणा चालवण्याच्या तापमानाखाली गेली. बिघाड एकच होता, पण त्याने एकामागून एक साखळी लावली.

टीमने पहिले काही आठवडे फिरणं थांबवण्याचा प्रयत्नच केला नाही, आणि ते बरोबर होतं. यान एका अक्षाभोवती बऱ्यापैकी स्थिर फिरत होतं, वीज खर्चापेक्षा थोडी जास्त मिळत होती. ती शिल्लक वीज हीटरला देत इंधन हळूहळू पुन्हा उबेला आणलं. तोवर मोजमापांवरून कारण शोधलं: आठ थ्रस्टरपैकी एकाची झडप बहुधा अर्धवट उघडी राहत होती. यंत्रणेत दाब भरला की तो थ्रस्टर आज्ञेशिवाय जोर देत होता.

उपाय याच वाक्यात आहे. झडप दुरुस्त होणार नाही, पण दाब कधी भरायचा हे आपल्या हातात आहे. दाब नसताना ती झडप निरुपद्रवी. दाब भरल्यावर तिचा जोर किती आणि कुठल्या दिशेला हे आता ठाऊक असल्याने, तो हिशेबात धरून उरलेल्या थ्रस्टरांनी यान सावरायचं. ७ ऑक्टोबरला नवी आज्ञामालिका चालवून गरगर थांबवली आणि १३ नोव्हेंबर २०२२ रोजी यान ठरलेल्या कक्षेत पोचलं.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत चाकं वेगाची मर्यादा गाठू लागली तर विद्युतचुंबकी कांड्यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटून तो वेग उतरवता येतो. चंद्राकडे जाताना ते क्षेत्र उपयोगापुरतं उरत नाही. तिथे चाकं मोकळी करायलाही थ्रस्टरच लागतात, आणि नेमके तेच बिघडलेले असतात.

तुंबलेल्या वाटा: लुनार फ्लॅशलाइट

जिथे यश मिळालं नाही ती मोहीम जास्त शिकवते. नासाचं लुनार फ्लॅशलाइट हे ब्रीफकेसएवढं, १४ किलोचं यान ११ डिसेंबर २०२२ रोजी निघालं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या काळोख्या विवरांत लेसर टाकून बर्फ शोधायचा होता. हायड्रॅझिनऐवजी कमी विषारी ‘हरित’ इंधन, चार थ्रस्टर, इंधन ढकलायला पंप आणि थ्री-डी छपाईने बनवलेली इंधनाची जोडणी. निघाल्यावर लवकरच कळलं की चारांतले तीन थ्रस्टर कमी जोर देताहेत. सर्वांत संभाव्य कारण असं निघालं की छापलेल्या भागात उरलेली धातूची पूड किंवा कीस बारीक वाटांत अडकला.

चांगला म्हणावा असा एकच थ्रस्टर उरला आणि तो होता कडेला. कडेच्या थ्रस्टरची अडचण आकड्यांत बघा. १०० मिलिन्यूटनचा जोर वस्तुमानाच्या केंद्रापासून ५ सेंटिमीटर बाजूला लागला, तर यानावर ५ मिलिन्यूटन-मीटरची पीळ (यान वळवणारा जोर) बसते. चाकांची क्षमता समजा ५० मिलिन्यूटन-मीटर-सेकंद असेल, तर दहा सेकंदांत ती भरते. पुढे यान गरगरणार. दहा सेकंदांत मिळतो किती वेग? सेकंदाला सात सेंटिमीटर.

टीमने काढलेली वाट सुंदर होती. जोराची दिशा हाच अक्ष धरून यान सावकाश फिरवत ठेवायचं आणि त्या फिरण्यात थ्रस्टर थोडा थोडा वेळ चालवायचा. पुढचा जोर सतत एकाच दिशेला साठत जातो. पीळ मात्र यानाबरोबर फिरते, अर्ध्या फेरीत डावीकडे तर उरलेल्या अर्धीत उजवीकडे, आणि पूर्ण फेरीअखेर जवळपास शून्य होते. चाकांना फक्त बारीक डुगडुग सावरायची उरते. हे जानेवारी २०२३ मध्ये करून पाहिलं, चाललंही. मग त्या थ्रस्टरचाही जोर झपाट्याने उतरला.

कक्षेचं उद्दिष्टही खाली आणलं. मूळच्या चांद्रकक्षेऐवजी पृथ्वीभोवती उंच कक्षा घ्यायची आणि महिन्यातून एकदा दक्षिण ध्रुवावरून जायचं. शेवटचा डाव म्हणून पंपाचा दाब ठरलेल्या मर्यादेच्या खूप वर नेला आणि झडपा उघडझाप करत कचरा निसटतो का पाहिलं. यश थोडंच मिळालं. दाब मर्यादेबाहेर नेणं बेफिकिरी वाटेल. आमच्या मते ते योग्यच होतं. मोहीम अशीही हातची जाणार असते, तेव्हा पाइप फुटण्याच्या भीतीने सुरक्षित आकड्यावर थांबण्यात काही वाचत नाही. हाच दाब पहिल्या आठवड्यात वाढवला असता तर मात्र ती चूक ठरली असती.

१२ मे २०२३ रोजी नासाने मोहीम संपल्याचं जाहीर केलं. पाच दिवसांनी यान पृथ्वीपासून सुमारे ६५,००० किलोमीटरवरून गेलं आणि सूर्याभोवतीच्या वाटेला लागलं. लेसर, संगणक, रेडिओ शेवटपर्यंत ठीक होते.

मंगळयानाच्या दोन कॉइल

आपल्या मंगळयानाची गोष्ट यशाच्या जल्लोषात झाकली गेली, पण या विषयात तिला तोड नाही. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी पृथ्वीभोवतीची कक्षा चौथ्यांदा उंचावायची होती. सेकंदाला १३० मीटर वेग वाढवून कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत लांबचा टप्पा सुमारे १ लाख किलोमीटरवर न्यायचा होता. त्याच वेळी पर्यायी व्यवस्थांची चाचणीही चालू होती. इंधनप्रवाहाच्या झडपेला दोन कॉइल (वीज दिली की झडप हलवणारी तारेची वेटोळी) होत्या, मुख्य आणि राखीव. एकेक चालवली तेव्हा दोन्ही उत्तम चालल्या. दोन्हींना एकदम वीज दिली आणि ४४० न्यूटनच्या मुख्य इंजिनाचा प्रवाहच थांबला.

यानाने स्वतःच छोट्या थ्रस्टरांकडे काम सोपवलं आणि बर्न चालू ठेवला. जोर अर्थातच कमी, त्यामुळे वेग फक्त ३५ मीटरने वाढला आणि लांबचा टप्पा ७१,६२३ वरून ७८,२७६ किलोमीटरवरच गेला. दुसऱ्या दिवशी पूरक बर्न केला, १२४.९ मीटरचा, आणि टप्पा १,१८,६४२ किलोमीटर झाला. पुढचा नियम एका ओळीचा होता: दोन्ही कॉइल एकदम नाही, एकामागून एक. यंत्र तेच राहिलं, वापरण्याची पद्धत बदलली. हे सगळं पृथ्वीजवळ असताना कळलं हेही महत्त्वाचं. राखीव व्यवस्था मंगळाशी पोचल्यावर पहिल्यांदा वापरून बघणं परवडलं नसतं.

पुढे तेच इंजिन जवळपास ३०० दिवस बंद राहणार होतं. इतके दिवस इंधन लागलेल्या झडपा आणि सील परत नीट चालतील याचा भरवसा नाही, म्हणून मंगळासाठी इंधनाची समांतर, कोरी वाट आधीच घालून ठेवली होती. २२ सप्टेंबर २०१४ रोजी इंजिन सुमारे चार सेकंद चालवून पाहिलं, आणि २४ तारखेला २४ मिनिटांचा खरा बर्न झाला. ते पेटलंच नसतं तर २२ न्यूटनच्या आठ थ्रस्टरांवर जास्त वेळ बर्न करण्याची योजना तयार होती.

जपानच्या हायाबुसा या लघुग्रहाकडे गेलेल्या यानाचंही असंच. त्याचं आयन इंजिन धन आयन (विद्युतभारित अणू) मागे फेकतं, आणि यान ऋणभारित होऊन ते परत खेचले जाऊ नयेत म्हणून शेजारचा न्यूट्रलायझर इलेक्ट्रॉन सोडतो. नोव्हेंबर २००९ पर्यंत चारही इंजिनं कुठे ना कुठे दुखावली होती. पण ए इंजिनाचा न्यूट्रलायझर आणि बी इंजिनाचा आयनस्रोत शाबूत होता. दोघांना जोडून एक इंजिन केलं आणि १३ जून २०१० रोजी इटोकावा लघुग्रहाचे कण ऑस्ट्रेलियात उतरले. हे शक्य झालं कारण एका डायोडसह ती जोडणी सर्किटमध्ये आधीच टाकून ठेवली होती. जपानच्याच आकात्सुकी यानाचं मुख्य इंजिन २०१० मध्ये शुक्राशी पोचल्यावर बिघडलं. मग वजन घटवायला निरुपयोगी झालेला ऑक्सिडायझर फेकून दिला आणि पाच वर्षांनी चार छोटे थ्रस्टर सुमारे वीस मिनिटं चालवून ते कक्षेत गेलं. उलट २०२२ मधल्या लुनाएच-मॅप या छोट्या चांद्रयानाच्या, आयोडीनवर चालणाऱ्या इंजिनाची अडकलेली झडप तापवूनही मोकळी झाली नाही.

कॉलेजात क्यूबसॅट करणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या कुठल्या कॉलेजात थ्रस्टरवाला क्यूबसॅट (दहा सेंटिमीटरच्या घनांचा छोटा उपग्रह) करायचं मनात असेल, तर वर्गणी कॅमेऱ्यापेक्षा आधी या कामांना लागू द्या. छापलेला मॅनिफोल्ड (थ्रस्टरांना इंधन वाटून देणारी जोडणी) घेतलात तर आतली पूड काढायला द्रव दोन्ही दिशांनी जोराने सोडा, बाहेर आलेला द्रव गाळून कण मोजा, आणि आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबू नका. कंपनचाचणीनंतर हे परत करा, कारण हादऱ्याने चिकटलेले कण सुटतात. फिल्टर टाकीच्या तोंडाशी एक आणि प्रत्येक थ्रस्टरच्या आधी एक असा हवा. मॅनिफोल्डच्या अलीकडे एकच फिल्टर असेल तर मॅनिफोल्डमधला कचरा त्याच्या हाती लागणार नाही. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत उघडे भाग ठेवू नका. कोरड्या नायट्रोजनने भरून तोंडं बंद करा आणि असेंब्लीच्या खोलीत आर्द्रतेची नोंद ठेवा.

मुख्य झडपेच्या अलीकडे आणि पलीकडे दाबाचा सेन्सर, प्रत्येक थ्रस्टरवर तापमानाचा. पाच-दहा ग्रॅम वाचवायला हे काढून टाकलेत तर वर तुंबणं आणि बुडबुडा यांतला फरक कधीच कळणार नाही. हीटर असे बसवा की यान गरगरत असताना, निम्म्या विजेवरही, टाकी गोठणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थ्रस्टरचा जोर हा बदलता आकडा असू दे आणि एखाद्याला यादीतून वगळण्याची आज्ञा असू दे. एक थ्रस्टर, दोन समोरासमोरचे, फिरत्या यानावरचा एक, हे सगळे प्रकार जमिनीवरच्या संचावर उड्डाणाआधी चालवून बघा. आणि प्रत्येक थ्रस्टरचा निरोगी असतानाचा दाब, तापमान आणि जोर यांचा आलेख नावानिशी, त्या चाचणीत वापरलेल्या व्होल्टेजसकट जपून ठेवा, कारण वरून येणारा आकडा ताडून पाहायला तुमच्याकडे तेवढंच असणार आहे.